जुन्या पिकअपच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये कोणतं ऑइल घालावं?

प्रश्न : आमची गोराईला रोपवाटिका आहे. सहा वर्षांपूर्वी एका परदेशी वकिलातीने काढून टाकलेली टोयोटाची डबल कॅबिन पिकअप आम्ही घेतली. गाडी 1998 ची, फोर बाय फोर, गिअरबॉक्स ऑटोमॅटिक. बॉनेटखालच्या पट्टीवर ‘ए340एफ’ असं कोरलेलं आहे. कुंड्या आणि मातीची पोती भरून उत्तन-भाईंदरमार्गे मुंबईत आठवड्याला तीन-चार फेऱ्या होतात. आम्ही घेतल्यापासून गिअरबॉक्सचं ऑइल एकदाही बदललेलं नाही. हल्ली सकाळी पहिल्यांदा ‘डी’ला टाकलं की गाडी दोनेक सेकंद तशीच उभी राहते, मग उचलते. हायवेला साठ-सत्तरच्या वेगात बारीक थरथर जाणवते. मेकॅनिक म्हणतो, कुठलंही लाल टीक्यू ऑइल चालतं. मावसभाऊ म्हणतो, टोयोटाची गाडी आहे तर टोयोटाचं सगळ्यात नवं डब्ल्यूएस ऑइल घाल. वडिलांचे मित्र म्हणतात, इतक्या वर्षांचं ऑइल काढलंस तर गिअरबॉक्स बसेल, हात लावू नकोस. पावसाळा तोंडावर आलाय आणि आमचा खरा धंदा पावसाळ्यातच असतो. काय करू?
— एक वाचक, गोराई

उत्तर : नमस्कार. नेमकं उत्तर आधी देतो, कारणं मागून. तुमच्या गिअरबॉक्सला डेक्सरॉन III दर्जाचं ऑइल घाला (डेक्सरॉन हा जनरल मोटर्स कंपनीने ठरवलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या ऑइलचा दर्जा). डब्ल्यूएस नको आणि ‘कुठलंही लाल’ही नको. बदलायचं ते मशीन लावून एका दमात नाही, थोडं थोडं करून तीनदा. मात्र कॅन विकत घ्यायच्या आधी दोन-तीन गोष्टी तपासा, कारण तुम्ही सांगितलेल्या लक्षणांपैकी एखादं ऑइल नुसतं कमी असल्यामुळेही असू शकतं.

पहिली गोष्ट डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी. या गिअरबॉक्सला इंजिनाच्या डिपस्टिकखेरीज वेगळी डिपस्टिक असते. ती काढून पुसा आणि पात्यावर काय लिहिलंय ते उजेडात नीट वाचा. या काळातल्या गाड्यांवर बहुधा ‘एटीएफ डेक्सरॉन II किंवा III’ असं कोरलेलं असतं. एटीएफ म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल. सल्ला देणाऱ्या सगळ्यांपेक्षा या पात्याचं जास्त ऐका. ऑइल गिअरबॉक्सच्या गरजेप्रमाणे ठरतं, गाडीवर कुठल्या कंपनीचा बिल्ला आहे त्यावरून नाही. टोयोटानेच वेगवेगळ्या काळात वेगवेगळी ऑइलं मागितली आहेत. आधी डेक्सरॉन, मग टाईप टी-फोर, त्यानंतर डब्ल्यूएस. प्रत्येक वेळी गिअरबॉक्सच्या आतल्या क्लच प्लेट, व्हॉल्व्ह आणि कॉम्प्युटरचं गणित बदलत गेलं आणि ऑइल त्याबरोबर बदललं.

आता टीक्यूबद्दल. मुंबईच्या गॅरेजांमध्ये ऑटोमॅटिकच्या आणि पॉवर स्टेअरिंगच्या सगळ्याच लाल ऑइलांना ‘टीक्यू’ म्हणायची सवय आहे. तुमचा मेकॅनिक चुकीच्या हेतूने बोलत नाहीये. पण या एका नावाखाली दुकानात दोन अगदी वेगळ्या गोष्टी मिळतात. स्वस्तातलं, ट्रकच्या आणि ट्रॅक्टरच्या पॉवर स्टेअरिंगसाठी सर्रास खपणारं ऑइल पुष्कळदा ‘टाईप ए, सफिक्स ए’ दर्जाचं असतं. हा दर्जा जनरल मोटर्सने 1957 मध्ये ठरवला होता. त्यानंतर 1967 मध्ये पहिलं डेक्सरॉन आलं, सत्तरच्या दशकात डेक्सरॉन II आणि 1993 मध्ये डेक्सरॉन III. स्टेअरिंगच्या पंपाला 1957 चा दर्जा पुरतो, कारण तिथे फक्त दाब द्यायचा असतो. तुमच्या गिअरबॉक्समध्ये टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग, आणि वेगात त्याला घट्ट जोडून टाकणारा लॉक-अप क्लच आहे, कागदी अस्तराच्या क्लच प्लेट आहेत आणि ऑइल सतत तापलेलं असतं. तिथे टाईप ए घातलं तर लवकर जळतं आणि थरथर वाढते. म्हणून काउंटरवर ‘टीक्यू द्या’ म्हणू नका, ‘डेक्सरॉन थ्री द्या’ म्हणा आणि कॅनच्या मागची बारीक अक्षरं वाचूनच पैसे द्या.

लाल रंगाचा ऑइलच्या गुणाशी काही संबंध नाही. गाडीखाली डाग पडला तर तो इंजिन ऑइलचा की गिअरबॉक्सचा हे कळावं म्हणून तो रंग घालतात, एवढंच.

मग फरक कशात असतो? मुख्यतः घर्षणात. इंजिन ऑइलचं काम घर्षण कमी करणं. ऑटोमॅटिकच्या ऑइलला दोन्ही करावं लागतं. बेअरिंग आणि गिअर घसरत राहिले पाहिजेत आणि त्याच ऑइलात बुडालेल्या क्लच प्लेटनी एकमेकींना पकडलंही पाहिजे. ती पकड किती झटकन बसावी, किती हळुवार बसावी हे ऑइलमधली घर्षण ठरवणारी रसायनं पाहतात. एके काळी हे काम स्पर्म व्हेल या देवमाशाच्या तेलावर चालायचं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत त्यावर बंदी आली आणि कंपन्यांना पर्याय शोधावे लागले. पहिल्या काही नव्या मिश्रणांनी रेडिएटरमधल्या कूलरचे डाख खाल्ले आणि कूलंट गिअरबॉक्समध्ये शिरलं. पुढच्या सुधारित डेक्सरॉनमध्ये गंज रोखणारं रसायन घालून ते निस्तरावं लागलं. बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या दोन लाल ऑइलांमध्ये केवढा फरक असू शकतो ते यावरून लक्षात येईल.

मावसभावाच्या सल्ल्यात तर्क आहे, पण इथे तो लागू होत नाही. डब्ल्यूएस आणि डेक्सरॉन VI ही दोन्ही पातळ ऑइलं आहेत. शंभर अंश तापमानाला डेक्सरॉन III ची व्हिस्कॉसिटी, म्हणजे दाटपणा, साधारण 7 ते 7.5 सेंटिस्टोक असते, या नव्या ऑइलांची 6 च्या आसपास. नव्या गिअरबॉक्समध्ये फटी बारीक असतात, पातळ ऑइलने इंधन वाचतं आणि शिफ्ट लवकर होतात. तुमच्या गिअरबॉक्समधले रबरी सील पंचवीसहून अधिक वर्षांचे आहेत, व्हॉल्व्ह बॉडीतली, म्हणजे ऑइलचा दाब वाटून देणाऱ्या भागातली, भोकं घासून किंचित मोठी झालेली असणार. तिथे पातळ ऑइल फटींमधून निसटतं, क्लचमागचा दाब उशिरा तयार होतो आणि तुम्हाला सकाळी जाणवणारा तो दोन सेकंदांचा उशीर आणखी वाढतो. डेक्सरॉन VI जुन्या गिअरबॉक्सना चालतं असं जनरल मोटर्सने स्वतःच्या गिअरबॉक्सपुरतं सांगितलं आहे. तुमचा गिअरबॉक्स त्यांचा नाही.

दोन ऑइलं तर कॅन फुकट मिळाला तरी घालू नका. एक सीव्हीटीचं, म्हणजे गिअरऐवजी पट्टा आणि पुलीवर चालणाऱ्या ऑटोमॅटिकचं. आजकाल मुंबईत सीव्हीटीच्या गाड्या भरपूर, त्यामुळे त्याचे कॅन प्रत्येक दुकानात पुढेच मांडलेले असतात. त्यात धातूच्या पट्ट्याने पुलीला घट्ट धरावं अशी रसायनं असतात, क्लच प्लेटसाठी ती अयोग्य. दुसरं टाईप एफ, फोर्डच्या जुन्या गिअरबॉक्ससाठीचं. त्यात घर्षण कमी करणारं रसायन जवळजवळ नसतंच, त्यामुळे प्रत्येक शिफ्टला दणका बसतो.

आता खरेदी. जनरल मोटर्सने डेक्सरॉन III चे परवाने देणं 2006 अखेर थांबवलं. त्यामुळे आज बाजारात मिळणाऱ्या कुठल्याही ‘डेक्सरॉन III’ कॅनवर मूळ परवाना नसतो. ऑइल बनवणारी कंपनी स्वतःच्या जबाबदारीवर ‘या दर्जाला योग्य’ असं लिहिते. म्हणजे तुमचा भरवसा त्या कंपनीच्या नावावर आणि तिच्या माहितीपत्रकावर. नामांकित कंपन्या प्रत्येक ऑइलचं माहितीपत्रक देतात. त्यात शंभर अंशाची व्हिस्कॉसिटी 7 च्या वर आहे का ते बघा आणि दर्जांच्या यादीत डेक्सरॉन III स्पष्ट लिहिलंय का ते बघा. ‘मल्टी व्हेईकल’ ऑइल घ्यायलाही हरकत नाही, पण याच दोन अटींवर. यादीत वीस-पंचवीस गाड्यांची नावं आहेत आणि व्हिस्कॉसिटी मात्र 6 च्या खाली, असं असेल तर ते तुमच्यासाठी नाही.

साधं मिनरल घ्यावं की सिंथेटिक? तुम्ही रोज गावात फिरायला गाडी वापरत असता तर मिनरल पुरे म्हटलं असतं. पण ओल्या मातीची पोती, दहिसर चेकनाक्याची रांग, वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवरची रखडपट्टी आणि बाहेर मे महिन्याचं ऊन, या सगळ्यात टॉर्क कन्व्हर्टर सतत घसरत असतो आणि त्याची सगळी उष्णता ऑइलात उतरते. साधारण 80 अंशांच्या वर दर दहा-अकरा अंशांना ऑइलचं आयुष्य निम्म्यावर येतं, हा कारागिरांमध्ये रुळलेला हिशोब आहे. सिंथेटिक किंवा निदान अर्ध-सिंथेटिक ऑइल उष्णतेत जास्त टिकतं. तुमच्या वापराला ते पैसे वसूल करून देईल. उणे चाळीस अंशाला ऑइल किती वाहतं याचे आकडे माहितीपत्रकात मोठे करून छापलेले असतात. मुंबईत त्यासाठी जास्त पैसे मोजायची गरज नाही.

ऑइल एक लिटरच्या सीलबंद कॅनमध्येच घ्या. ऑपेरा हाऊसच्या किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत ते मिळेल, पिंपातून सुटं काढून देणाऱ्याकडून घेऊ नका. झाकणाचं कडं तुटलेलं नाही ना, झाकणाखालचं सील चिकटलेलं आहे ना आणि बॅच नंबर खोडलेला नाही ना, एवढं दुकानातच पाहा आणि बिल घ्या. सगळे कॅन एकाच कंपनीचे आणि एकाच नावाचे असू द्या.

कॅन विकत घ्यायच्या आधी करायच्या तपासण्या आता सांगतो. आधी पातळी तपासा. गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवा, म्हणजे ऑइल 70 ते 80 अंशांपर्यंत तापेल. सपाट जागेवर उभी करा, हँडब्रेक ओढा, पायाने ब्रेक दाबून ठेवा आणि लिव्हर ‘पी’पासून ‘एल’पर्यंत प्रत्येक ठिकाणी दोन-तीन सेकंद थांबवत नेऊन परत ‘पी’वर आणा. इंजिन चालूच ठेवा. आता डिपस्टिक काढून पुसा, पूर्ण आत घाला, परत काढा. पात्यावर ‘कूल’ आणि ‘हॉट’ असे दोन पट्टे आहेत. तापलेलं ऑइल ‘हॉट’च्या दोन खुणांच्या मध्ये हवं. अनेक जण इंजिन ऑइलसारखं इंजिन बंद करून बघतात. तेव्हा कन्व्हर्टरमधलं ऑइल खाली उतरलेलं असतं, पातळी जास्त दिसते आणि प्रत्यक्षात गिअरबॉक्स उपाशी राहतो.

पातळी कमी असेल तर सकाळच्या उशिराचं कारण कदाचित तेवढंच असेल. उशीर किती आहे ते मोजायची सोपी रीत आहे. ऑइल तापलेलं, इंजिन आयडलला, ब्रेक दाबलेला. ‘एन’वरून ‘डी’ला टाका आणि गाडीला हलका धक्का बसेपर्यंतची वेळ मोबाइलवर मोजा. मध्ये एक-एक मिनिट थांबून असं तीनदा करा आणि सरासरी काढा. या जातीच्या गिअरबॉक्सला ‘एन’ ते ‘डी’ 1.2 सेकंदांच्या आत आणि ‘एन’ ते ‘आर’ 1.5 सेकंदांच्या आत पकडायला हवं. तापल्यावर वेळ या मर्यादेत येत असेल आणि फक्त गार असताना उशीर होत असेल तर बातमी बरी आहे, सील कडक झाले आहेत पण प्लेट शाबूत असाव्यात. तापल्यावरही दोन-तीन सेकंद लागत असतील तर दाब कमी आहे किंवा प्लेट झिजल्या आहेत. तेव्हा आधी दाब मोजून घ्या, ऑइलवर खर्च नंतर.

साठ-सत्तरच्या थरथरीसाठीही एक चाचणी आहे. सकाळी लवकर, मागेपुढे कोणी नसलेल्या सरळ रस्त्यावर, थरथर चालू असताना अॅक्सिलरेटर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेक पेडलला फक्त स्पर्श करा, ब्रेकचा दिवा लागेल इतकाच. दिवा लागला की लॉक-अप सुटतो. थरथर त्याच क्षणी थांबली तर दोष लॉक-अप क्लचच्या घर्षणाचा, आणि तिथे नव्या ऑइलने फरक पडण्याची चांगली शक्यता आहे. थरथर तशीच राहिली तर इंजिन, माउंटिंग किंवा प्रॉपेलर शाफ्टचे सांधे बघा.

डिपस्टिकवरचा थेंब पांढऱ्या टिश्यूवर टाका आणि दहा मिनिटांनी बघा. लालसर-तपकिरी आणि पसरत जाणारा डाग असेल तर ऑइल थकलंय, पण गिअरबॉक्स ठीक. गडद तपकिरी, मध्यभागी काळा ठिपका आणि जळका वास असेल तर क्लचचं अस्तर ऑइलात उतरलंय. आणि गुलाबी दुधासारखं दिसलं तर गाडी लगेच बंद करा, पुढच्या फेरीचा विचारही नको. त्यात पाणी किंवा कूलंट गेलं आहे.

या गुलाबी दुधाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण जुन्या ऑटोमॅटिक गाडीला मुंबईत सगळ्यात मोठा धोका हाच आहे. गिअरबॉक्सचं ऑइल गार होण्यासाठी रेडिएटरच्या पोटातल्या एका नळीतून जातं. रेडिएटर मूळचाच असेल तर ती नळीही तेवढीच जुनी. ती आतून कुजली की कूलंट ऑइलात आणि ऑइल कूलंटमध्ये जातं. क्लच प्लेटवरचं अस्तर कागदाच्या लगद्याचं असतं आणि पोलादी चकतीवर चिकटवलेलं असतं. पाणी आणि कूलंटमधलं ग्लायकॉल त्या चिकटवणीवरच घाव घालतात, अस्तर सुटून येतं आणि मग ऑइल कितीही वेळा बदला, उपयोग नाही. म्हणून गार इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडून कूलंटवर तेलाचा तवंग किंवा तपकिरी साय आहे का ते बघा. रेडिएटर बदललेला आठवत नसेल तर ऑइलच्या आधी तो बदला. स्थानिक कारागिराकडून रेडिएटरची जाळी नवी बसवून घेणार असाल तर आतली कूलरची नळी दाबाखाली तपासून द्यायला सांगा, नुसता बाहेरचा पितळी भाग नवा करून भागत नाही. तुम्ही वाहता तेवढ्या ओझ्याला रेडिएटरपुढे एक वेगळा छोटा ऑइल कूलर बसवणं फार शहाणपणाचं. ऑइल आधी रेडिएटरमधून आणि मग त्या कूलरमधून परत गिअरबॉक्सला, असा क्रम ठेवा.

पाणी शिरायची दुसरी वाट म्हणजे ब्रीदर. गिअरबॉक्सला वरच्या बाजूला श्वास घ्यायची बारीक नळी असते. तापलेला गिअरबॉक्स अंधेरी सबवेतल्या किंवा हिंदमाताच्या पाण्यात बुडला की एकदम गार होतो, आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून पाणी ओढलं जातं. पावसाळ्यापूर्वी ही नळी तुटलेली नाही ना बघा आणि तिचं टोक इंजिनाच्या वरच्या भागापर्यंत उंच नेऊन बांधा. डिपस्टिकची नळीही वर घट्ट बसलेली हवी. एवढं करूनही कुठे पाणी चाकाच्या मध्याच्या वर लागलं, तर त्याच दिवशी डिपस्टिक काढून बघा.

आता वडिलांच्या मित्रांचा सल्ला. ‘ऑइल बदललं आणि गिअरबॉक्स बसला’ असं घडतं, हे खरं आहे. पण बहुतेक वेळा गाडी स्लिप व्हायला लागल्यावरच माणसं ऑइल बदलतात. प्लेट आधीच संपलेल्या असतात. जुन्या ऑइलातल्या अस्तराच्या कणांमुळे थोडी पकड राहिलेली असते, ती जाते आणि दोष नव्या ऑइलवर येतो. दुसरं कारण दाबाचं मशीन. जोरात ऑइल फिरवलं की वर्षानुवर्षं तळाशी बसलेली घाण उठून व्हॉल्व्ह बॉडीच्या बारीक वाटांमध्ये अडकते. तुमची गाडी चढावर ओझ्यासकट उचल खात असेल, इंजिन नुसतंच रेस होत नसेल, तर ऑइल बदलण्यात धोका नाही, न बदलण्यात आहे. पण टिश्यूवरचा डाग काळा, वास जळका आणि गाडी चढावर स्लिप होतेय, असं तिन्ही एकत्र असेल तर थांबा. तो गिअरबॉक्स उघडण्याचा खर्च आहे, ऑइलने तो टळणार नाही.

तर बदलायचं असं. या गिअरबॉक्समध्ये कन्व्हर्टर आणि कूलरच्या नळ्या धरून साधारण 10 लिटर ऑइल असतं, पण खालचा नट उघडला की बाहेर येतं जेमतेम 2 लिटर. म्हणजे एका वेळी पाचवा हिस्सा नवा. तीनदा केलं की निम्म्याच्या जवळ नवं ऑइल झालं, चौथ्यांदा केलं तर साठ टक्क्यांच्या आसपास. पहिल्या तीन वेळांसाठी 8 लिटर आणून ठेवा, त्यात वर-खाली करायलाही उरेल. दोन वेळांमध्ये हजारएक किलोमीटरचं अंतर ठेवा.

ऑइल कोमट असताना काढा, कडकडीत तापलेलं असताना नाही, हात भाजतो. चाकांना ठोकळे लावा. नट उघडण्याआधी तो गिअरबॉक्सच्या चेंबरचाच, म्हणजे तळाच्या ऑइलच्या भांड्याचाच आहे याची खात्री करा. फोर बाय फोर गाडीला खाली ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या पेटीचा) नट वेगळा, पुढच्या आणि मागच्या डिफरन्शियलचे वेगळे. ट्रान्सफर केसमध्ये 75डब्ल्यू-90 गिअर ऑइल असतं. चुकून ते काढलं आणि वरून एटीएफ ओतलं, म्हणजे गिअरबॉक्समध्ये 2 लिटर जास्त आणि ट्रान्सफर केस कोरडी, असा प्रकार गॅरेजमध्ये होतो. तो गाडी संपवतो. काढलेलं ऑइल लिटरच्या खुणा असलेल्या भांड्यात धरा आणि जितकं निघालं तितकंच, डिपस्टिकच्या नळीतून लांब नळीच्या नरसाळ्याने घाला. आधी डिपस्टिकवर पातळी कमी दिसली असेल तर ती तूट नंतर तापलेल्या ऑइलवर, पाव-पाव लिटरने भरा. नटाचा वॉशर दर वेळी नवा. घट्ट करायचा तो 20 न्यूटन-मीटरपर्यंतच, पान्यावर जोर काढू नका.

पहिल्याच वेळी चेंबर खाली उतरवून आतली ऑइल गाळायची जाळी बदला. चेंबरचे बोल्ट छोटे आहेत आणि अॅल्युमिनियमच्या आट्यांत बसतात. त्यांना 7 न्यूटन-मीटर पुरेसे, म्हणजे छोट्या पान्याने मनगटाच्या जोराने. गळतंय म्हणून जास्त आवळलं तर चेंबरची कड वाकते आणि मग खरोखर गळायला लागतं. जाळीचे बोल्ट कमी-जास्त लांबीचे असतात, काढताना कुठला कुठून निघाला तसे मांडून ठेवा. चेंबरच्या तळाशी लोहचुंबक असतात. त्यावर राखाडी, लोण्यासारखा मऊ थर असला तर ती नेहमीची झीज. बोटाला टोचतील असे पोलादी कण असतील तर बेअरिंग, गिअर किंवा पोलादी चकत्या झिजत आहेत. चुंबकाला न चिकटणारे पिवळे पितळी कण दिसले तर बुश झिजले. असा थर दिसला तर पुसून टाकण्याआधी फोटो काढा, पुढे गिअरबॉक्स उघडायची वेळ आली तर कारागिराला तो उपयोगी पडेल.

भरून झालं की इंजिन चालू करून लिव्हर सगळ्या ठिकाणी फिरवा, गाडी चालवून तापवा आणि वर सांगितल्याप्रमाणे पातळी पुन्हा बघा. कमी असेल तर पाव-पाव लिटरने वाढवा. जास्त झालं तर काढून टाका, ‘असू दे, कमी होईल’ म्हणून सोडू नका. जास्त ऑइल फिरत्या भागांनी घुसळलं जातं, फेस येतो आणि फेसाने दाब तयार होत नाही. जास्त ऑइलची आणि कमी ऑइलची लक्षणं म्हणूनच सारखी दिसतात.

गळती थांबवणाऱ्या किंवा ‘शिफ्ट मऊ करणाऱ्या’ बाटल्या घालू नका. रबर फुगवून त्या काही महिने गळती थांबवतात, मग ते रबर मऊ पडतं. ऑइलातलं घर्षणाचं गणितही बिघडतं.

ऑइल बदलूनही शिफ्ट फार उशिरा किंवा दणक्याने होत असतील तर अॅक्सिलरेटरकडून गिअरबॉक्सला जाणारी केबल बघा. पेडल पूर्ण दाबल्यावर केबलवरचा छोटा मणी आणि रबरी टोपीचं टोक यांत 0 ते 1 मिलिमीटर अंतर हवं. सहा वर्षांत ती कोणी सैल केली असेल तर ऑइल निर्दोष असूनही गिअरबॉक्स चुकीच्या वेळी बदलत राहतो. डॅशबोर्डवरचा ‘ओ/डी ऑफ’ दिवा स्वतःहून लुकलुकत असेल तर तो कॉम्प्युटरने नोंदवलेला दोष. इंजिनच्या खोलीतल्या डायग्नॉसिस कनेक्टरमध्ये टीई1 आणि ई1 ही दोन टोकं जोडून दिव्याच्या लुकलुकीतून कोड मोजता येतो. 62 किंवा 63 आला तर शिफ्टचे सोलेनॉइड, म्हणजे ऑइलची वाट उघड-बंद करणारे विजेचे व्हॉल्व्ह, 64 आला तर लॉक-अपचा. हे काम वायरिंग जाणणाऱ्याकडूनच करून घ्या.

वाटेत कुठे ऑइल कमी पडलं आणि डेक्सरॉन III मिळालंच नाही, तर अर्धा लिटर डेक्सरॉन VI किंवा टी-फोर घालून घरी यायला हरकत नाही. कमी ऑइलवर ओझं ओढण्यापेक्षा ते बरं. घरी आल्यावर पुढचा बदल लवकर करा.

पावसाळ्यासाठी क्रम असा ठेवा : या आठवड्यात पातळी, टिश्यू आणि कूलंट, कूलंट शंकास्पद किंवा रेडिएटर जुनाच असेल तर तो आधी, मग चेंबर, जाळी आणि पहिले 2 लिटर, ब्रीदरची नळी त्याच दिवशी. उरलेले दोन बदल पावसात फेऱ्या चालू असतानाही होतील. पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर अर्ध्या ओझ्याने चालवा आणि दर दोन दिवसांनी डिपस्टिक बघा. पुढे दर 30 ते 40 हजार किलोमीटरला, तुमच्या ओझ्याला खरं तर तीसच, 2-2 लिटरचा हाच प्रकार करत राहा. काढलेलं ऑइल गटारात किंवा रोपांच्या वाफ्यांजवळ मुळीच ओतू नका. रिकाम्या कॅनमध्ये भरून, वापरलेलं ऑइल अधिकृत पुनर्प्रक्रियेला देणाऱ्या गॅरेजकडे द्या. कूलंट मिसळलेलं निघालं तर ते वेगळ्या कॅनमध्ये भरा आणि देताना तसं सांगा.